आरसा आणि गळ

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल फोनवर बाबा "छाती फाडू द्याची नाही मले" एवढंच बोलले आणि फोन तुझ्या हातात दिला. म्हणून लिहिते. आई, वावरातून आलीस की वाचून दाखव.

बाबा, छाती फाडत नाहीत. छातीचं मधलं हाड संपतं त्याच्या खाली दोन-तीन बोटं चीर देतात आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत दुर्बीण घालतात. भूल देऊनच. त्या पिशवीत थोडं पाणी सगळ्यांच्याच असतं, फार तर 50 मिलीलीटर. तुमचं दिवाळीआधी 700 निघालं. त्या रात्री तुम्ही कितीतरी दिवसांनी आडवे झोपलात. त्याआधी खाटेवर बसूनच रात्र काढायचे. (आणि आधीच्या दवाखान्यानं दोन महिने दम्याची औषधं दिली, तो राग माझा अजून गेला नाही.)

पण परवाच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पाणी पुन्हा भरलेलं दिसलं. येतं कुठून, ते बघायला नको? आपल्याकडे बहुतेकदा टीबी निघतो. कधी थायरॉईड, किडनी, कधी कॅन्सरही, लपवत नाही. पाण्यात जंतू सापडले नाहीत म्हणून टीबी नाही असं होत नाही. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला तर सापडायची आशा जास्त.

आजीची कळशी विहिरीत पडली होती, आठवते? काका तासभर नुसता गळ फिरवत होते. तुम्ही आरसा धरून उन्हाची तिरीप आत पाडली, कळशीचा काठ चमकला, मग गळ टाकला. दुर्बीण तेच करते. बिघडलेलं दिसेल तिथलाच तुकडा घेते.

धोका आहेच. रक्त जाऊ शकतं, ठोके बिघडू शकतात, म्हणून तर हृदयाचे सर्जन असतील तिथे, नागपूरलाच करायचं. टीबी निघाला तर कमीत कमी सहा महिने गोळ्या, सरकारी, फुकट. लघवी लाल होईल, तेव्हा घाबरून गोळ्या बंद करू नका.

आधार, राशन कार्ड, इकोचे सगळे कागद एका पिशवीत ठेवा. आदल्या रात्री बारानंतर चहा नाही, पाणी नाही. खर्रा तर नाहीच. आई, बंडीचे खिसे तपासशील.

कापूस पराटीवर राहिला तर राहू द्या. बुधवारी पहाटे मी नागपूरला उतरते, स्टँडवरच थांबते.

तुमची,
ताई