पिल्लाच्या दुपारचे काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुत्रा पाळण्याविषयी जे वाचायला मिळते त्यात जात, खाणे आणि लशी यांची माहिती भरपूर असते. पण घरातली सगळी माणसे नोकरीला गेल्यावर त्या पिल्लाने दिवस कसा काढायचा, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो आणि त्याची झळ एका मुक्या जिवाला बसली. म्हणून हे पत्र.

मी वडोदऱ्यात मांजलपूरला राहते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. नवरा रावपुऱ्यात बँकेत आहे. सव्वाआठला दाराला कुलूप लागते ते संध्याकाळी साडेसहाला निघते. गेल्या वर्षी फेब्रुवारीअखेर माझ्या मावशीच्या दांडिया बाजारातल्या घरामागे एक कुत्री गाडीखाली गेली आणि तिची पाच पिल्ले उघड्यावर पडली. चौघांना घरे मिळाली. राहिलेली तांबूस रंगाची, जेमतेम दीड महिन्याची पिल्ली मी पदरात घालून आणली. तिचे नाव तांबी.

पहिले दोन आठवडे आम्ही आळीपाळीने रजा काढली. रजा संपली तेव्हा आम्ही जे केले ते पुष्कळ घरांत होत असणार: बाल्कनीत गोणपाट टाकला, पाण्याचे भांडे ठेवले, दोन खेळणी ठेवली आणि दार लावून निघालो. दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार तर तीन तास धरता येते. वयाचे जितके महिने त्यात एक मिळवायचा, तेवढे तास, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे. आम्ही तिला सव्वादहा तास ठेवत होतो. संध्याकाळी आल्यावर ती स्वतःच्या घाणीत बसलेली असायची आणि आम्हाला पाहून आनंदाने तशीच अंगावर उडी घ्यायची. तिने एकदाही राग धरला नाही, हे आठवले की मला आजही गलबलून येते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ऊन चाळिशीला टेकले. आमची बाल्कनी पश्चिमेची. एका दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या गुजराती आजींचा, बांचा, फोन आला, "बेन, तमारुं गलूडियुं बहु हांफे छे." (ताई, तुमचे पिल्लू फार धापा टाकते आहे.) भांडे लवंडले होते आणि फरशी तापली होती. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. थोडासा पंजांच्या तळव्यांना येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. हवाच तापलेली असली की धापा टाकूनही अंग निवत नाही. बांकडे आमची किल्ली नव्हती. त्या अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू बाईने कपडे वाळत घालायच्या काठीने आपल्या बाल्कनीतून आमच्या कठड्यावर ओली चादर सरकवून सावली केली आणि मी पोहोचेपर्यंत तांब्याने पाणी मारत राहिल्या. मला पोहोचायला पस्तीस मिनिटे लागली. बा नसत्या तर तांबी नसती.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली की आमचे पिल्लू दुपारभर रडते. पुष्कळ लोक अशा वेळी नियम दाखवून भांडतात. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले आहे, ते खरेच आहे. पण आमच्याविरुद्धची तक्रार रास्त होती. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या भिंतीपलीकडे चार तास पिल्लू रडत असेल तर त्याने गप्प का बसावे? आणि कायद्याचेच म्हणाल तर १९६० चा प्राण्यांच्या छळाला आळा घालणारा कायदाही आहे. त्याच्या ११ व्या कलमात सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर त्याचा मालक दोषी धरला आहे. हे मी तेव्हा प्रथम वाचले आणि पेपर बाजूला ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

मग दिवसाला चारशे रुपये घेणारी, कुत्री सांभाळणारी एक जागा सापडली. नाव लिहीत नाही. पत्र्याची शेड होती, एकच मोकळे अंगण, त्यात लहान-मोठी पंधरा-सोळा कुत्री. आम्हाला लशीचे कार्ड कोणी विचारले नाही आणि आमचा स्वतःचा गुन्हा असा की दुसरा डोस व्हायचा असताना आम्ही तिला तिथे सोडले. पाचव्या दिवशी तिने खाणे टाकले, सहाव्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. आमचे डॉक्टर आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, शांत गृहस्थ. पण कार्ड पाहून त्यांनी जे तोंड केले ते मी विसरणार नाही. पाच दिवस सलाईन लावावे लागले. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले ते सर्वांना कळावे म्हणून लिहिते. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयाला सुरू होते आणि साधारण सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेतो लस नीट लागू पडत नाही. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि फरशी पुसायच्या साध्या औषधाने सहजी मरत नाही. ब्लीचिंगचे पाणी लागते. म्हणजे जिथे एकदा आजारी कुत्रे येऊन गेले, ती जागा वरवर स्वच्छ दिसली तरी लस अपुरी असलेल्या पिल्लाला धोक्याचीच.

पिल्लांच्या विक्रीसाठी २०१७ चे पैदाशीचे नियम आहेत, २०१८ चे दुकानांचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तशीच ज्या जागा पैसे घेऊन दिवसभर कुत्री सांभाळतात त्यांची महापालिकेने नोंद ठेवावी, दारातच लशीचे कार्ड तपासणे सक्तीचे करावे आणि लहान पिल्लांची जागा मोठ्यांपासून वेगळी असल्याशिवाय परवानगी देऊ नये, अशी माझी आपल्यामार्फत कळकळीची मागणी आहे. माणसाच्या मुलांच्या पाळणाघराला, इथल्या भाषेत घोडियाघराला, आपण दहा प्रश्न विचारून मगच मूल ठेवतो.

तांबी वाचली. त्यानंतर एक मुलगा दुपारी येऊन दार उघडायचा, पण त्याला दुसरीकडे नोकरी लागली. आणि मग जे आम्हाला पहिल्या दिवशी सुचायला हवे होते ते बांनीच सुचवले. त्या आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आ तो छोकरुं कहेवाय, एने आखो दहाडो एकलुं ना मुकाय. मारे त्यां मूकी जजो." (हे तर लेकरूच, त्याला दिवसभर एकटे ठेवू नये. माझ्याकडे सोडून जात जा.)

बा मूळच्या चरोतरच्या, म्हणजे आणंदकडच्या. घरी गाई-म्हशी, दूध डेअरीत घालायचे, त्यामुळे जनावराचे मन त्यांना आमच्यापेक्षा फार चांगले कळते. मुलगा-सून दोघेही नोकरीवर. दुपारी त्या हिंचक्यावर माळ घेऊन बसतात आणि तांबी खाली आडवी. पहिल्याच दिवशी तिचे शेपूट हिंचक्याखाली येता येता वाचले. तेव्हापासून बा आधी पाय टेकून खाली बघतात, मग झोका घेतात. दात येण्याच्या दिवसांत (पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के येतात, तोवर त्याला चावायला काहीतरी हवेच असते) तिने बांचा बसायचा पाट कुरतडला. बा रागावल्या नाहीत. फ्रीजमधले गार गाजर हातात धरून तिला चावू दिले, पंचाला गाठ मारून, भिजवून, गार करून दिला. आम्ही हजार रुपयांची खेळणी आणली होती. तिला तो पंचाच आवडला.

खाण्याचे आम्हाला नीट ठरवावे लागले. बा स्वामिनारायण संप्रदायातल्या, त्यांच्या घरात अंडे येत नाही. म्हणून अंडे आम्ही सकाळी आमच्याकडेच देतो, दुपारी बांकडे दही-भात किंवा रोटला. त्यांच्याकडे कांदा-लसूणही नाही, हे तांबीच्या पथ्यावरच पडले, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फक्त प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मी त्यांना हात जोडून थांबवायला सांगितले. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. बांना हे ठाऊक नव्हते, ऐकल्यावर त्यांनी डबाच वरच्या फळीवर ठेवला.

पैशांवरून मात्र आमचे तीन दिवस चालले होते. "पाडोशी पासेथी पैसा लेवाय?" (शेजाऱ्याकडून पैसे घ्यायचे का?) हे त्यांचे म्हणणे. मी हट्टाने महिना साडेतीन हजार ठरवले आणि ते दर पाच तारखेला देते. माझे मत पक्के आहे की हे उपकारावर सोडू नये. फुकट केलेल्या मदतीत दमलेल्या माणसाला "आज नको" म्हणता येत नाही आणि सांभाळायला देणाऱ्याला "असे नको, तसे करा" म्हणता येत नाही. पैसे घ्यायला लागल्यापासून बा अगियारसला (एकादशीला) सत्संगाला जाताना मोकळेपणाने सुट्टी घेतात. त्या दिवशी तांबी स्कूटरवर बसून मावशीकडे दांडिया बाजारात जाते. गुडघ्यांमुळे बांना तिला खाली नेता येत नाही, म्हणून तळमजल्यावरचा युनिव्हर्सिटीत शिकणारा मुलगा दुपारी एकला वीस मिनिटे फिरवून आणतो. मे-जूनमध्ये तेवढेच सकाळी, डांबर तापायच्या आत, कारण त्याने पंजे भाजतात. त्यालाही आम्ही महिन्याला ठरावीक रक्कम देतो.

बांच्या फ्रीजवर गुजरातीत लिहिलेला एक कागद चिकटवला आहे: कोणत्या वेळी खाणे, कोणत्या वेळी खाली, काय द्यायचे नाही, डॉक्टरांचा नंबर, आमच्या दोघांच्या कामाच्या ठिकाणचे नंबर. आमच्या घराची एक किल्ली आता कायम बांकडे असते. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा किती वस्त्या दोन-तीन दिवस पाण्यात होत्या, हे वडोदऱ्याच्या माणसाला सांगायला नको. तसा दिवस पुन्हा आला आणि आम्ही मकरपुऱ्यात किंवा रावपुऱ्यात अडकलो, तर दार उघडून तिला वर घेऊन जाणारे कोणीतरी आहे, एवढ्याने मला रात्री झोप लागते.

पिल्लाला थोडे एकटे राहायलाही शिकवावे लागते, ते आम्ही उलट्या क्रमाने केले. आधी दहा तास कोंडले आणि मग पाच मिनिटांपासून सुरुवात केली. आपल्याच दैनिकाच्या जुन्या कागदात भाकरीचे तुकडे गुंडाळून तिच्यापुढे टाकायचे आणि दाराबाहेर जायचे. ती कागद फाडण्यात रमली की परत यायचे. पाचाची दहा, दहाची वीस मिनिटे झाली. आता ती दीड तास निवांत राहते. बाल्कनीच्या दाराजवळ मात्र अजून झोपत नाही.

ज्यांच्या मनात पिल्लू आणायचे आहे त्यांनी ते आणण्याच्या आधी इमारतीतली चार दारे वाजवावीत, एवढी माझी विनंती आहे. दुपारी घरात कोण असते, कोणाला कुत्र्याचे वावडे नाही, कोण पैसे घेऊन हे काम आनंदाने करील, ते विचारावे. होकार मिळाला नाही तर पिल्लू आणू नये, थोडे थांबावे. आपल्या दैनिकाने छोट्या जाहिरातींत मुले सांभाळण्याच्या जागेशेजारी यासाठीही दोन ओळींची जागा ठेवली, तर वडोदऱ्यातली आम्ही मराठी माणसे ती जरूर वापरू. दांडिया बाजारात मावशी स्वतः एक पिल्लू दिवसा सांभाळायला तयार आहे. लस पूर्ण झालेली असावी आणि कार्डाची प्रत सोबत आणावी, ही तिची अट आहे.

आपली विश्वासू,
एक नोकरदार वाचक,
मांजलपूर, वडोदरा
(कृपया नाव छापू नये.)