पायलटच्या गॉगलला पोलराइज्ड काच नको

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात कुठला गॉगल घ्यावा यावर लेख आला होता, वाचला, बराचसा बरोबरच आहे, पण शेवटी एक वाक्य होतं की एव्हिएटर म्हणजे पायलटछाप गॉगल घ्यायचा तर पोलराइज्डच घ्या, पायलट लोक तोच वापरतात. पोलराइज्ड म्हणजे पाण्यावरची, रस्त्यावरची चमक अडवणारी काच, आणि पायलट ती वापरतात हे चुकीचं आहे. आणि आमच्याकडे तर धोक्याचं आहे, कारण गोंदियाजवळ बिरसीला विमानतळावर पायलटचं ट्रेनिंग चालतं, तिथल्या पोरांचे आईवडील तुमचा पेपर वाचतात आणि मग वाढदिवसाला नेमका तसलाच गॉगल घेऊन देतात. माझं गोंदियात चष्म्याचं दुकान आहे, २६ वर्षं झाली, म्हणून लिहितोय.

मागच्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एक ट्रेनी मुलगा दुकानात आला. त्याच्या भाऊजींनी त्याला चांगला महागाचा पोलराइज्ड एव्हिएटर दिला होता. म्हणाला काका, मान थोडी कलती केली की समोरचा स्क्रीन काळा पडतो, पहिल्यांदा तर वाटलं डिस्प्लेच गेला. आता या नव्या विमानांत जुन्या गोल घड्याळांऐवजी मोठे एलसीडी स्क्रीन असतात, उंची, स्पीड, दिशा सगळं त्यावरच, आणि एलसीडीतून येणारा उजेड आधीच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा असतो, त्यावर अजून एक पोलराइज्ड काच आडवी आली की उजेडच थांबतो. त्याच्यासोबत इन्स्ट्रक्टर होते म्हणून ठीक, पण एकट्याने उडताना असं झालं तर? मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण मी स्वतः कित्येक वर्षं पोलराइज्ड म्हणजे सगळ्यात भारी असं सांगून तो गॉगल सगळ्यांना देत आलो होतो, पायलटच्या पोरांनासुद्धा.

मग मी यावर नीट वाचलं. अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, एफएए, पायलट लोकांना पोलराइज्ड वापरू नका असंच सांगतं. स्क्रीन हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे विमानाच्या पुढच्या काचेत किंवा अ‍ॅक्रिलिकच्या कॅनोपीत, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणात, जो ताण असतो तो पोलराइज्डमधून रंगीत पट्ट्यांसारखा दिसायला लागतो. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आकाशात दुसरं विमान पुष्कळदा आधी दिसतं ते त्याच्या पंखावर ऊन चमकतं म्हणून, आणि पोलराइज्ड काच नेमकी तीच चमक मारते. गाडी चालवायला, नदीवर, तलावावर ती काच उत्तमच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता पोरं विचारतात काका मग कुठली कंपनी चांगली. नाव सगळ्यांना रे-बॅनचंच माहीत. तो १९३७ मध्ये अमेरिकेत बॉश अँड लॉम्बने बाजारात आणला, १९९९ ला ते सगळं इटलीच्या लक्झोटिकाने विकत घेतलं, म्हणून कोणाच्या वडिलांचा जुना गॉगल आला तर काचेच्या कडेला बारीक बीएल कोरलेलं सापडतं आणि नव्यावर आरबी. थेंबासारखा आकार काही स्टाइलसाठी नाही, पायलट सारखा खाली मीटरकडे बघतो, तेव्हाही डोळा झाकलेला राहावा म्हणून काच खाली उतरती आहे. अमेरिकन ऑप्टिकल ही कंपनी त्याहून किती जुनी, १८३३ ची, अपोलो ११ चे लोक त्यांचेच गॉगल घेऊन गेले होते. आणि रँडॉल्फ म्हणून एक आहे, १९७३ पासून, अमेरिकेच्या सैन्याला देतात. या शेवटच्या दोघांचा आकार थोडा चौकोनी असतो आणि खरा फरक काडीत आहे. त्यांची काडी सरळ असते, कानामागे वळत नाही, त्यामुळे हेडसेट किंवा हेल्मेट न काढता गॉगल आत सरकवता येतो, बाहेर काढता येतो. रे-बॅनची काडी वळते पण निदान बारीक तारेची असते, चालून जाते. जाड प्लास्टिकच्या काडीचा फॅशनवाला गॉगल मात्र अजिबात घेऊ नका, हेडसेटची गादी कानाला नीट बसत नाही, फटीतून इंजिनचा आवाज आत येतो आणि दोन तासांनी कानाच्या वर दुखायला लागतं ते वेगळंच.

रे-बॅनमध्ये एक घोळ होतो तो सांगतो, कारण दुकानदारसुद्धा फसतात. ३०२५ हे मॉडेल साध्या काचेतही येतं आणि पोलराइज्डमध्येही, बाहेरून दोन्ही सारखेच, सोनेरी फ्रेम हिरवी काच. काडीवर कोड बघा, एल०२०५ असेल तर साधी हिरवी आणि ००१/५८ असेल तर तीच पण पोलराइज्ड, आणि ५८ ही काचेची साइजसुद्धा असते म्हणून लोकांना वाटतं साइजच लिहिलीय. पोलराइज्ड असेल तर काचेवर रे-बॅनच्या नावापुढे छोटा पी असतो, तो नाही ना एवढं बघून घ्या.

रंगाचं म्हणाल तर राखाडी सगळ्यात चांगला, कारण त्यातून कुठला रंग बदलत नाही, हिरवट राखाडीही चालतो, तपकिरीसुद्धा चालतो. पिवळा, निळा, गुलाबी नको. रनवेच्या बाजूला चार दिव्यांची ओळ असते, दोन पांढरे दोन लाल दिसले की उतरण्याची उंची बरोबर, तिथे पांढऱ्याचा लालसर दिसला तर कसं चालेल? आणि जास्त काळा म्हणजे जास्त चांगला हेही डोक्यातून काढा. पायलटला १५ ते ३० टक्के उजेड आत येऊ देणारी काच लागते. टॅगवर किंवा काडीच्या आत काच किती काळी ते सांगणारा कॅटेगरीचा आकडा लिहिलेला असतो, ४ असेल तर ती बर्फाच्या डोंगरासाठी, ती घालून तर गाडीसुद्धा चालवायची नसते. उन्हात आपोआप काळी होणारी फोटोक्रोमिक काचही पायलटच्या कामाची नाही, ती उन्हातल्या यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी, काळी होते आणि विमानाची काच यूव्हीचा बराच भाग बाहेरच अडवते, शिवाय गरमीत ती कमी काळी होते आणि आमच्या विदर्भात मे महिन्यात गरमीशिवाय दुसरं काय असतं.

पण बराच भाग अडवते म्हणजे सगळा नाही, यूव्ही-ए हा त्यातला प्रकार आत येतोच, आणि वर जाल तसं यूव्ही वाढतं, दर १,००० मीटरला साधारण १० टक्के. म्हणून रस्त्यावरचा दोनशे-तीनशेचा एव्हिएटर बघितला की मला काळजी वाटते. काच नुसती रंगवलेली असली आणि यूव्ही अडवत नसली तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि उलट जास्त यूव्ही आत जातं. स्टिकर तर कोणीही चिकटवतं. पण स्वस्तातला प्रत्येक गॉगल वाईट असतो असंही नाही, यूव्ही मोजायच्या मीटरवर पूर्ण पास झालेले साधे गॉगल मी पाहिलेत, म्हणून किमतीवर न जाता तपासून घ्या. यूव्ही मीटर बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत असतं, काही सेकंदांचं काम. गॉगल हात लांब करून धरा आणि काचेतून फरशीची सरळ रेघ बघत हळूहळू हलवा, रेघ वाकडी झाली तर काच खराब. पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही काचा सारख्याच काळ्या आहेत का बघा. आणि मोबाइलचा पांढरा स्क्रीन लावून त्याच्यासमोर गॉगल गोल फिरवा, मध्येच अंधार झाला तर पोलराइज्ड.

काच खऱ्या काचेची घ्यायची का प्लास्टिकची यावर पोरं फार वाद घालतात, माझं मत सीआर-३९, म्हणजे चष्म्याच्या काचेला वापरतात ते हलकं प्लास्टिक. काचेला चरे पडत नाहीत हे खरं पण नाकावर वजन येतं, पॉलिकार्बोनेट फुटत नाही पण चरे लगेच. नंबर असेल त्यांनी त्याच नंबरची दुसरी जोडी बॅगेत ठेवायचीच, ते नियमातच आहे.

साहेब, तुम्ही ती चूक दुरुस्त करून एक छोटी चौकट छापावी ही विनंती, आणि शक्यतो नवतपा लागायच्या आत. बिरसीच्या पोरांपैकी कोणाला गॉगल तपासून घ्यायचा असेल तर माझ्या दुकानात मीटर आहे, कुठूनही घेतलेला असू दे, पैसे घेणार नाही, फक्त सोमवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक चष्मेवाला, गोंदिया