तक्रार पत्र : पहाटेच्या पट्टीवर कालची तारीख

दिनांक : १२ जानेवारी २०२६
नागपूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या एआय कोड जनरेटरने दिलेला सदोष बॉयलरप्लेट कोड (प्रत्येक अ‍ॅपला लागणारा ठरावीक सांगाडा), न विचारता डेटाबेसमध्ये केलेले बदल आणि क्रेडिट्सच्या (टूल वापरण्यासाठी आगाऊ विकत घ्यायचे एकक) पैशांचा परतावा

संदर्भ : माझ्या चॅटवरील तक्रारी, दि. २४ नोव्हेंबर व ३ डिसेंबर २०२५

महोदय / महोदया,

मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो आणि घरूनच छोट्या व्यापाऱ्यांसाठी वेब अ‍ॅप्लिकेशन बनवतो. सोबत एक मुलगा मदतीला आहे, बाकी कंपनी म्हणावी असं काही नाही. गेल्या ऑक्टोबरात कळमना मार्केटमधल्या एका संत्र्याच्या अडत्याचं काम मिळालं. आवक नोंदायची, लिलावाचा भाव टाकायचा, हमाली-तोलाई-भाडं वजा करायचं आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, छापून द्यायची. आंबिया बहाराचा माल यायला लागला होता, दिवस कमी होते. म्हणून आपल्या टूलचा महिना १,९९९ रुपयांचा प्लॅन घेतला. जीएसटी धरून २,३५८ रुपये ८२ पैसे.

जे चांगलं होतं ते आधी सांगतो, नाहीतर हा माणूस नुसता भांडायला आलाय असं वाटेल. लॉगिन, शेतकऱ्यांची यादी, नोंदीचा फॉर्म, छपाईचं पान हा सगळा सांगाडा आपल्या टूलने पाऊण तासात उभा केला. हाताने लिहायला मला चार दिवस लागले असते, आणि ते चार दिवस मी दरवेळी कंटाळत घालवतो. तेवढ्यापुरते पैसे वसूल झाले.

आता २१ नोव्हेंबरची पहाट. अ‍ॅप सुरू होऊन दुसराच दिवस होता, म्हणून मी स्वतः गाळ्यावर गेलो होतो. क्रेटवर लॅपटॉप, कानाला मफलर. काटोलकडचा एक टेम्पो चार-सव्वाचारला लागला. माल उतरला, नोंद झाली, पुढे भाव लागला आणि पट्टी छापून निघाली. शेतकरी काकाजींनी चष्मा वर करून ती वाचली आणि म्हणाले, "काल त मी घरीच होतो ना बाप्पा, मंग पट्टी कालची कशी?"

पट्टीवर २० तारीख होती.

मला वाटलं त्या एकाच नोंदीत गडबड झाली. पण साडेपाचच्या आत आलेल्या प्रत्येक गाडीवर २० तारीख आणि साडेपाचनंतरच्या प्रत्येक गाडीवर २१. अडत्याने आदल्या दिवशी संध्याकाळी बंद केलेला आवकेचा हिशोब रातोरात ११ नोंदींनी फुगला होता आणि आजचा तेवढाच कमी भरत होता. ते मला एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमचं कम्प्युटर अजून झोपेतच आहे काय?" चार शेतकऱ्यांसमोर.

कारण आपल्या अभियंत्यांना एका ओळीत कळेल, तरी लिहून ठेवतो. आपल्या सांगाड्यात तारीख काढायला जावास्क्रिप्टचं ‘टूआयएसओस्ट्रिंग’ वापरून त्याची पहिली दहा अक्षरं कापून घेतली आहेत. ते फंक्शन कायम यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ देतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात त्या ओळीला कालचाच दिवस दिसतो. आम्ही अ‍ॅप तपासलं ते सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा या वेळात, तेव्हा तारीख दरवेळी बरोबर यायची. ऑफिसात बसून काम करणाऱ्याला ही चूक जन्मात दिसणार नाही. पण माझा ग्राहक ज्या वेळात माल उतरवून घेतो, नेमक्या त्याच वेळात ती जागी होते.

ही कापाकापीची ओळ इंटरनेटवर ठिकठिकाणी सापडते आणि मॉडेल तिथूनच शिकलं असणार, हे मलाही कळतं. त्याबद्दल मी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. पण आपण विकताय ते नुसतं कोड लिहून देणारं चॅट नाही. आपली जाहिरात सांगते की हे टूल ‘जोडलेलं’ आहे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरून ते ग्राहकाच्या डेटाबेसशी बोलतं, आधीची माहिती पाहतं आणि त्याप्रमाणे कोड देतं. अडत्याच्या जुन्या सॉफ्टवेअरचं टेबल मी पहिल्याच दिवशी जोडून दिलं होतं. त्यात नोंदीची वेळ हा कॉलम आहे आणि निम्म्याहून जास्त नोंदी पहाटे तीन ते साडेपाचच्या आहेत. टूलने ते टेबल वाचलं, त्यातल्या कॉलमची नावंसुद्धा जशीच्या तशी उचलली, आणि तारखेची ओळ मात्र साच्यातली दिली. मग त्या जोडणीचे पैसे कशाचे?

पुढचं जास्त गंभीर आहे. चूक दाखवल्यावर टूलने उत्साहाने माफी मागितली (तो उत्साह थोडा कमी केलात तर बरं होईल) आणि सर्व्हरचा टाइमझोन बदलायला लावला. ‘टूआयएसओस्ट्रिंग’ सर्व्हरचा टाइमझोन विचारातच घेत नाही, त्यामुळे काही फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला त्याने एक सामायिक फंक्शन लिहून वेळेत सरसकट साडेपाच तास मिळवले. पहाटेची पट्टी सुधारली. पण तेच फंक्शन स्क्रीनवरच्या तारखेलाही लावलं होतं आणि ब्राउझर तर आधीच भारतीय वेळ दाखवतो. झालं, संध्याकाळी साडेसहानंतर स्क्रीनवर उद्याची तारीख. अडते सातला हिशोबाला बसतात. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला तो मी तिसऱ्या रिंगला उचलला, आधी धीर झाला नाही.

तिसऱ्या खेपेला टूलने ‘जुन्या नोंदीही दुरुस्त करतो’ म्हणून पट्टीच्या टेबलवर थेट अपडेट चालवलं आणि सगळ्या १४६ नोंदींची तारीख एक दिवस पुढे ढकलली. त्यातल्या दुपारच्या, ज्या मुळात बरोबर होत्या, त्यासुद्धा. मला विचारलं नाही. मागे जाऊन पाहिलं तर डेटाबेस जोडताना आपल्या स्क्रीनवर ‘लिहिण्याची परवानगी, पुन्हा विचारू नका’ या चौकटीत टिक आधीपासूनच केलेली असते. ती मी काढली नाही, हे माझं चुकलं. पण सांगाडा लिहून देण्यासाठी टेबल वाचण्याची परवानगी पुरते. लिहिण्याची परवानगी न मागता गृहीत धरायची, तीही टिक आधीच मारून, हे कुठल्या हिशोबात बसतं? रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. त्या दिवसाच्या नोंदी मात्र कागदी पट्ट्यांच्या कार्बन प्रतींवरून आम्ही दोघांनी पुन्हा भरल्या.

शेवटी मी स्वतः बसून दुरुस्ती केली. वेळ डेटाबेसमध्ये यूटीसीतच राहू द्यायची आणि तारीख काढताना ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन सांगायचा. काम दोन ओळींचं होतं. त्यासाठी आपल्या टूलने माझी ३१२ क्रेडिट्स खाल्ली आणि मधेच क्रेडिट्स संपली म्हणून १,५०० रुपये अधिक जीएसटीचं टॉप-अप मला दोनदा करावं लागलं. टूलने चूक करायची, टूलनेच चुकीची दुरुस्ती करायची आणि प्रत्येक खेपेचं मीटर माझ्या खिशावर. आमच्याकडे रिक्षावाला रस्ता चुकला तर फिरवल्याचे पैसे मागताना निदान नजर तरी चुकवतो.

तारखेने दचकल्यावर उरलेला सांगाडा मी ओळ न ओळ वाचून काढला. लॉगिन टोकनवर (लॉगिन केल्यावर मिळणारा डिजिटल पास) सही करायचं गुपित म्हणून कोडात शब्दशः ‘युअर सिक्रेट की’ लिहिलेलं होतं. हे ज्याला सुचेल तो अडत्याच्या नावाने टोकन बनवून आत शिरू शकतो. शेतकऱ्यांना एसएमएस पाठवण्याची चावी (त्या सेवेचा गुप्त कोड) ‘रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ने सुरू होणाऱ्या नावाखाली ठेवली होती. त्या नावाची प्रत्येक गोष्ट बिल्ड (कोडाचं अंतिम रूप) होताना ब्राउझरमध्ये जाणाऱ्या फाइलमध्ये उतरते. मी क्रोमचं डेव्हलपर टूल उघडून शोधलं तर दहा सेकंदांत चावी समोर. आणि मुळात हा सांगाडा ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’वर (रिअ‍ॅक्ट या वेब लायब्ररीच्या तयार साच्यावर) उभारलेला आहे, जे रिअ‍ॅक्टच्या टीमने फेब्रुवारी २०२५ मध्येच नव्या कामांसाठी बंद केल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरात पैसे घेऊन ते आपण ‘प्रॉडक्शन रेडी’ म्हणून दिलंत.

आपल्या चॅटवरून मला उत्तर मिळालं की तयार झालेला कोड तपासून घेणं ही वापरकर्त्याची जबाबदारी आहे. मान्य. मी आधीच वाचायला हवा होता. पण बॉयलरप्लेट माणूस घेतो तेच मुळी तो भाग पुन्हा पुन्हा लिहावा-वाचावा लागू नये म्हणून. आपल्या पानावर हेच मोठ्या अक्षरांत लिहिलंय की सांगाडा आमच्यावर सोडा. सोडायला सांगायचं आणि बोट अडकलं की ‘तपासलं का नाही’ विचारायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

माझी मागणी अशी आहे. नोव्हेंबरचा प्लॅन आणि दोन्ही टॉप-अप मिळून जीएसटीसह ५,८९८ रुपये ८२ पैसे परत करावेत. डेटाबेस जोडताना परवानगी मुळात फक्त वाचण्याची असावी, आणि लिहायचं असेल तर टूलने प्रत्येक वेळी चालवायची क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) दाखवून विचारावं. तारखेची ती ओळ आपल्या साच्यातून काढावी. तेवढं झालं तर बाकीचं एक वेळ मी विसरेन, कारण दूधवाले, भाजीवाले, पेपरवाले, पहाटे धंदा करणारे सगळेच या खड्ड्यात पडणार आहेत. आणि ज्यांनी हाच सांगाडा आधी घेतलाय त्यांना ईमेलने कळवावं.

ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझी पहिली तक्रार २४ नोव्हेंबरची आहे, आपणच मोजा. ‘तुम्ही व्यावसायिक वापर केलात, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असंही मला सांगण्यात आलं. २०१९ च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण दिलंय की फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत मोडत नाही; सेवेलाही तोच न्याय हवा. माझं पोट यावरच आहे. १५ दिवसांत समाधान झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागायची सोय याच कायद्यात आहे, त्यामुळे मला आपल्या शहरात यावं लागणार नाही.

सोबत दोन्ही तारखांच्या पट्ट्यांचे फोटो, अपडेट क्वेरीचा लॉग, टूलशी झालेला संवाद आणि तिन्ही बिलं जोडली आहेत. पट्ट्यांवरची शेतकऱ्यांची नावं झाकली आहेत.

मृग बहाराचा माल फेब्रुवारीत सुरू होतो, त्याआधी उत्तर हवं. ईमेलने पाठवा, चॅटबॉटकडून नको. फोन करायचा असेल तर पहाटे चारनंतर कधीही करा, आम्ही गाळ्यावरच असतो.

आपला,
एक ग्राहक व वेब डेव्हलपर
त्रिमूर्तीनगर, नागपूर