गिरणी बंद ठेवणाऱ्या आण्णांना जाहीर आभारपत्र

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

आदरणीय आण्णा यांस,
सा. न. वि. वि.

माझ्या पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागला आणि चारही पेपर सुटले, हे गेल्या आठवड्यात पेढ्यांचा पुडा घेऊन आले तेव्हा मी तुम्हाला सांगितलेच आहे. परंतु त्या वेळी गिरणीत गिऱ्हाइकांची गर्दी होती, पट्टा फिरत होता आणि मला जे बोलायचे होते ते त्या आवाजात ओरडून सांगण्यासारखे नव्हते. तुम्हीही "बरं झालं, बरं झालं" म्हणून पुडा आत काकूंकडे पाठवलात आणि पुढचा डबा उचललात. म्हणून हे पत्र. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे की, मे महिन्यातल्या तीन रविवारी मिरच्यांचे डबे घेऊन आलेल्या ज्या बायकांना गिरणीच्या दारातून परत जावे लागले, त्यांनाही ती कोणासाठी बंद होती हे कळावे आणि त्यांचीही मला क्षमा मागता यावी.

घरी बसून परीक्षा द्यायची म्हणजे पुस्तक शेजारी ठेवून निवांत लिहायचे, असा गल्लीत अनेकांचा समज आहे. २०२० साली टाळेबंदीत अनेक विद्यापीठांनी घाईघाईने ऑनलाइन परीक्षा घेतल्या, तेव्हापासून तो समज पक्का झाला असावा. माझी परीक्षा तशी नव्हती. विद्यापीठ परगावचे, मी इथे पतसंस्थेत नोकरीला, आणि नोकरी सांभाळून पदवी घ्यायची तर शिकणे आणि परीक्षा दोन्ही घरूनच करणे मला शक्य होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या नियमावलीत अशा ऑनलाइन पदव्यांना नेहमीच्या पदवीच्या बरोबरीने धरले आहे. पण बरोबरीने धरायचे तर परीक्षेवर पहाराही तसाच हवा. तो पहारा लॅपटॉपचा कॅमेरा, माईक आणि दूर कुठे तरी बसलेला एक पर्यवेक्षक मिळून करतात. शिवाजी विद्यापीठाची बी. कॉम.ची परीक्षा मी बाकावर बसून दिली होती. तेव्हा पर्यवेक्षक वर्गातून फेऱ्या मारत, पुरवणी बांधायला दोरा देत, आणि त्यांची पाठ वळली की आपण खिडकीबाहेर बघू शकत होतो. इथे पाठ वळत नाही.

पेपर दहाचा असला तरी साडेनऊला हजर व्हायचे. आधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचे, मग केस मागे घेऊन दोन्ही कान दाखवायचे, कारण कानात काही लपवलेले नाही याची खात्री करून घेतली जाते. मला कुड्यासुद्धा काढून ठेवाव्या लागल्या. त्यानंतर लॅपटॉप दोन्ही हातांत उचलून खोलीच्या चारही भिंती, टेबलाखालची जागा आणि वरचे छत दाखवत गोल फिरायचे. भिंतीवरच्या अंबाबाईच्या फोटोच्या काचेत प्रतिबिंब पडते म्हणून तो उतरवून ठेवण्याची सूचना पडद्यावर आली, तेव्हा देवीची मनातल्या मनात क्षमा मागून तो पलंगावर पालथा ठेवला. मागे खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो, म्हणून टेबलाची दिशा बदलली. एकदा परीक्षेचे ब्राउझर सुरू झाले की लॅपटॉपवर दुसरे काहीही उघडत नाही. आकडेमोडीसाठी एकच कोरा कागद, तोही दोन्ही बाजूंनी दाखवून घ्यायचा आणि पेपर संपल्यावर कॅमेऱ्यासमोर फाडायचा. आकडेमोड करताना पुटपुटायची मला पतसंस्थेतल्या खतावण्यांपासून लागलेली सवय आहे. परीक्षेत नुसते ओठ हलले तरी सूचना येते. वर बघून विचार केला तरी नोंद होते.

या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. कडक पहारा नसता तर या पदवीला कोणी विचारले नसते. फक्त "परीक्षार्थीने एकट्याने, बंद आणि शांत खोलीत बसावे" हा नियम लिहिणाऱ्याने पेठेतले घर पाहिलेले नसावे, एवढे मात्र त्या पहिल्या रविवारी प्रकर्षाने जाणवले. आमच्या मधल्या खोलीची भिंत ती तुमच्या गिरणीची भिंत आहे. बंद खोली मिळाली, एकटेपणही मिळाले. शांतता भिंतीपलीकडच्यांच्या हातात होती.

त्या पहिल्या पेपरला नेमके काय झाले ते तुम्हाला मी अर्धेच सांगितले होते. मे महिना म्हणजे चटणीचा हंगाम. पाऊस लागायच्या आत प्रत्येक घरची वर्षाची चटणी डब्यात बंद व्हायला हवी, त्यामुळे रविवारी तुमच्या दारात डब्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. सव्वादहाला मिरची कुटायचे कांडप सुरू झाले. भिंतीतून येणारी ती धडधड मला लहानपणापासून इतकी अंगवळणी पडली आहे की एरवी ती ऐकूही येत नाही, पण माईकने ती पहिल्या मिनिटाला टिपली आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत आवाजाबद्दल सूचना आली. पाठोपाठ कुणाची तरी संकेश्वरी मिरची कांडपात पडली असावी. खिडकीच्या फटीतून तिखट आत आले, मला ठसका लागला, आणि मी सवयीने पदर तोंडाला लावून मान वळवली. कॅमेऱ्याच्या लेखी माझा चेहरा नाहीसा झाला. दुसरी सूचना. अकराच्या सुमारास दिवे क्षणभर मंद झाले, राऊटर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि परीक्षा तुटली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, प्रश्न समोर दिसत होता, पण खालच्या कोपऱ्यातले वर्तुळ नुसते फिरत राहिले. जोडणी परत आली तेव्हा ओळखपत्र, कान, भिंती, छत हे सगळे पुन्हा पहिल्यापासून दाखवावे लागले आणि तोवर वरचे घड्याळ चालतच होते. अशी जवळजवळ वीस मिनिटे गेली. संध्याकाळी विद्यापीठाकडून ईमेल आला की, माझ्या खोलीतून सतत आवाज येत होता, चेहरा काही वेळ दिसत नव्हता आणि जोडणी तुटली होती, त्यामुळे दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, तोपर्यंत पेपर तपासणीखाली राहील. कामावरून आल्यावर रात्री अकरापर्यंत जागून, दोन वर्षे केलेला अभ्यास तांबड्या अक्षरांत अडकलेला पाहून मला त्या रात्री जेवण गेले नाही.

खरे सांगते, आण्णा, सोमवारी संध्याकाळी मी तुमच्याकडे आले ती भांडायच्या तयारीने आले होते. तुम्ही पिठाने पांढरे झालेले हात झटकलेत, मला पोत्यावर बसायला सांगितलेत आणि माझे सगळे ऐकून घेतल्यावर एकच प्रश्न विचारलात, "पेपर कधी कधी आहेत?" मी तारखा सांगितल्या. तुम्ही खडू घेऊन शटरच्या आतल्या बाजूला, जिथे उधारीचे आकडे आणि फोन नंबर लिहिलेले असतात, तिथे तिन्ही तारखा लिहिल्यात आणि पुढे "१० ते १" असे लिहून त्याखाली रेघ ओढलीत. भांडायला आलेल्या बाईला त्यानंतर बोलण्यासारखे काही उरले नाही.

दिव्यांचे कोडेही तुम्हीच उलगडलेत. माझ्या भाच्याला वाटत होते की राऊटरच बिघडला आहे. तुम्ही म्हणालात की मोटर सुरू होताना पहिल्या झटक्याला, चालू असताना ओढते त्याच्या कित्येक पट करंट ओढते, आमच्या घराची आणि तुमच्या गिरणीची वीज एकाच खांबावरून घेतलेली आहे, त्यामुळे त्या क्षणी दिवा मंद होणारच. स्टार-डेल्टा स्टार्टर बसवला की झटका कमी होतो, तो पिठाच्या मोटरला आहे, पण कांडपाची मोटर जुनी आणि तिला तो नाही, हेही तुम्ही मोकळेपणाने सांगितलेत. "ते इंटरनेटचं डबडं बॅटरीवर चालतं का बघा," असे तुम्ही सुचवल्यामुळेच भाच्याने राऊटरसाठी छोटा यूपीएस आणला. विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर मी चाळीस मिनिटे ताटकळले होते आणि तिथे मला ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगण्यात आले होते. तुम्हाला माझ्या अभ्यासक्रमाचे नावही नीट ठाऊक नव्हते, पण तुम्ही दहा मिनिटांत दुखणे शोधलेत.

खुलाशासोबत पुरावा काय जोडायचा, हा प्रश्न होता. आवाज गिरणीचा होता, खोलीत बसून कोणी मला उत्तरे सांगत नव्हते, हे दूर बसलेल्या माणसाला कसे पटवायचे? तेव्हा तुम्ही पावतीपुस्तकातले एक पान फाडून त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेत, "सदर दिवशी सकाळी १० ते १ या वेळेत आमची गिरणी व कांडप चालू होते. त्याचा आवाज शेजारी जातो. मिरचीचा ठसकाही जातो. हे खरे आहे." खाली सही, आणि सहीवर गिरणीचा रबरी शिक्का. ठसक्याचे वाक्य मी सांगितलेले नव्हते. ते तुमचे तुम्ही घातलेत. त्या पानाचा फोटो मी खुलाशाला जोडला. दहा दिवसांनी पेपर ग्राह्य धरल्याचे कळवण्यात आले. निर्णय देणाऱ्यांनी परीक्षेचे चित्रीकरण पाहून तो दिला की तुमचे पान वाचून, हे मला कोणी सांगितलेले नाही, पण माझा विश्वास पानावर आहे. ते पान मी पदवीच्या कागदांबरोबर जपून ठेवणार आहे.

पुढचे तीनही पेपर शांततेत झाले. दाराला तुम्ही पुठ्ठा लावला होता, "१० ते १ गिरणी बंद. परीक्षा आहे." परीक्षा कोणाची, असे विचारणाऱ्यांना तुम्ही "आमच्या घरातलीच" असे उत्तर दिलेत, हे मला नंतर काकूंकडून समजले. बंद गिरणीत बसल्या बसल्या दगडांना टाकी घालून घ्यावी असे तुमच्या मनात आले होते, पण छिन्नीचाही आवाज होतो म्हणून ते काम तुम्ही पुढे ढकललेत. तिसऱ्या पेपरच्या दिवशी भोंगा लावून भंगारवाला बोळात शिरत होता, त्याला बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या तुम्ही हातानेच थांबवलेत. यातले काहीही मला त्या वेळी ठाऊक नव्हते. मला फक्त एवढे जाणवत होते की भिंत गप्प आहे. लहानपणापासून ओळखीची असलेली ती भिंत इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती, आणि दुसऱ्या पेपरला तर सुरुवातीची पाच मिनिटे त्या शांततेनेच मला अवघडल्यासारखे झाले.

हंगामातल्या रविवारचे तीन तास म्हणजे तुमचे किती नुकसान, याचा हिशेब मला करता येतो, कारण आकडे हाच माझा धंदा आहे. काही गिऱ्हाइके दुपारनंतर परत आली असतील, पण उन्हातान्हात चालत आलेली एखादी बाई पुढच्या चौकातल्या गिरणीत गेली असेल आणि कदाचित आता तिकडचीच झाली असेल. शेवटचा पेपर झाल्यावर मी पाकीट घेऊन आले, ते तुम्ही उघडूनही न बघता माझ्या पिशवीत परत टाकलेत आणि म्हणालात, "आमच्या शाहू महाराजांनी १९१७ साली शाळा सक्तीची केली तेव्हा गिरणीवाल्याला पैसे दिले नव्हते." महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले त्यात गिरण्यांचा संबंध काय, हे मला अजून उमगलेले नाही, पण त्यावर उत्तर सुचले नाही आणि पाकीट घेऊन मी परत आले, हे खरे.

ज्या पर्यवेक्षकाने चारही रविवारी माझ्याकडे डोळा लावून पाहिले, त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही. शेवटच्या पेपरला कागद फाडून दाखवल्यावर त्याने पडद्यावर "धन्यवाद, तुम्ही आता जाऊ शकता" असे लिहिले. मी खोलीबाहेर आले, कुड्या घातल्या, अंबाबाईचा फोटो जागेवर लावला, आणि एक वाजून पाच मिनिटांनी भिंतीपलीकडे कांडप सुरू झाले. दिवे क्षणभर मंद झाले. राऊटर चालू राहिला.

आता एक विनंती. परीक्षेच्या नादात आमच्या घरची चटणी यंदा राहून गेली. ब्याडगी आणि जवारी दोन्ही मिरच्या देठ काढून, उन्हात वाळवून तयार आहेत, खोबरे-धने भाजायचे तेवढे बाकी आहे. पाऊस अजून धरलेला नाही, तोवर येत्या रविवारी मी डबा घेऊन येते. मला रांगेत इतरांसारखेच उभे राहू द्यावे, माझा डबा पुढे घेऊ नये, आणि कांडपाचे पैसे या वेळी मुकाट्याने घ्यावेत.

काकूंना नमस्कार.

तुमची नम्र,
भिंतीपलीकडची, पतसंस्थेतली ताई