टीएसएच वाढले म्हणजे थायरॉइड वाढले नव्हे

महोदय,

रक्ततपासणीत टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला, की ‘माझे थायरॉइड वाढले’ असे अनेकजण सांगतात. प्रत्यक्षात अर्थ बहुधा उलटा असतो. टीएसएच हे थायरॉइडचे नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक आहे. गळ्यातील फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके कमी स्रवू लागली, की तिला कामाला लावण्यासाठी पीयूषिका अधिक टीएसएच सोडते. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता ही मंदावलेल्या ग्रंथीची लक्षणे इतकी सावकाश येतात, की त्यांचे खापर वयावर फोडले जाते. याउलट ग्रेव्हज नावाच्या आजारात ग्रंथी अतिक्रियाशील होते. तेव्हा धडधड, हातांना कंप आणि भूक असूनही घटणारे वजन दिसते.

ग्रंथी मंदावण्याची मुख्य कारणे दोन: आयोडीनची कमतरता आणि जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला स्वप्रतिकारक आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते तो.

मंदावलेल्या ग्रंथीवरील उपचारातील लेव्होथायरॉक्सिनची (कृत्रिमरीत्या बनवलेल्या टी-४ची) गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून सुमारे चार तास दूर ठेवावी लागते, हे मला स्वतःला फार उशिरा कळले. मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे आठवडाभरातच पुन्हा तपासणी करण्याची घाई व्यर्थ ठरते. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत मात्र विलंब परवडत नाही, कारण तेव्हा गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकांवर अवलंबून असते.

– एक वाचक