बाबा, पाटीवरचं स्पेलिंग बरोबर आहे

ती. बाबा आणि आई, सा. न.

परवा फोनवर मी घाईत म्हणलं की छोटीचं औषध ड्राइव्ह-थ्रूमधून आणलं आणि बाबा तुम्ही लगेच विचारलंत, म्हणजे कुठून गं? तेव्हा ती रडत होती म्हणून नीट सांगता आलं नाही. मग रात्री तुमचा मेसेज, की मी पाठवलेल्या फोटोतल्या ड्राइव्ह-थ्रूच्या पाटीवर थ्रूचं स्पेलिंग नुसतं टी एच आर यू आहे, ते चुकलंय, ओ यू जी एच कुठे गेलं? आता ती झोपलीय, तर सगळंच लिहिते.

गाडीतून खाली न उतरता काम उरकायचं आणि तसंच पुढे निघून जायचं, त्या सोयीला म्हणतात ड्राइव्ह-थ्रू. दुकानाच्या भिंतीला खिडकी असते आणि तिला लागून एक गाडी जेमतेम मावेल एवढा रस्ता, त्याला लेन म्हणतात, एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. थ्रू म्हणजे हेच, आरपार. इथे अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि स्टिअरिंग डावीकडे, म्हणून खिडकीही कायम डाव्या हाताला येते. खायच्या ठिकाणी आधी मोठा मेनू बोर्ड आणि शेजारी स्पीकर असतो, गाडी तिथे थांबली की रस्त्यात पुरलेल्या सेन्सरमुळे आतल्या माणसाच्या हेडसेटमध्ये टिंग वाजतं, तो बोलतो, आपण काच खाली करून सांगायचं, मग तो म्हणतो पुल फॉरवर्ड, म्हणजे गाडी पुढे घ्या. बऱ्याच ठिकाणी पहिल्या खिडकीत पैसे आणि दुसऱ्या खिडकीत कागदी पिशवी. सुरुवातीला मला त्या स्पीकरमधलं बोलणं अजिबात कळायचं नाही, समोर तोंड दिसत नसलं की परकी भाषा दुप्पट अवघड होते.

बोलताना लोक हा शब्द बहुतेक वेळा नाम म्हणून वापरतात, चल ड्राइव्ह-थ्रूला जाऊ, ड्राइव्ह-थ्रूला गर्दी आहे, असं. दुसऱ्या शब्दाच्या आधी लावला की विशेषण, ड्राइव्ह-थ्रू बँक, ड्राइव्ह-थ्रू फार्मसी. पण बोगद्यातून किंवा गावातून गाडी घेऊन गेलो असं सांगायचं असेल तर ते साधं क्रियापद, तिथे मधली आडवी रेघ नाही आणि थ्रूही तुमच्या पद्धतीने पूर्ण लिहायचं. झाडंसुद्धा ड्राइव्ह-थ्रू असतात बरं का आई! कॅलिफोर्नियात योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या वावोना नावाच्या प्रचंड सिक्वोया झाडाच्या बुंध्यात 1881 साली बोगदा कोरला होता, तेव्हा घोडागाड्या जायच्या त्यातून, नंतर मोटारी. 1969 मध्ये ते पडलं. मला ते वाचून वाईटच वाटलं.

ड्राइव्ह-इन मात्र वेगळं, यात लोक गल्लत करतात. ड्राइव्ह-इनमध्ये गाडी आत नेऊन उभी करायची आणि तिथेच बसून खायचं किंवा सिनेमा बघायचा. खायच्या ड्राइव्ह-इनची सुरुवात आमच्या डॅलस शहरातलीच, 1921 मध्ये इथल्या हायवेवर पिग स्टँड नावाचं हॉटेल निघालं, तिथे पोरं पळत येऊन गाडीच्या पायरीवर उडी मारायची आणि ऑर्डर घ्यायची, म्हणून त्यांना कारहॉप म्हणायला लागले. नुसती खिडकी आणि निघा, हे नंतरचं. 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाल्डविन पार्कला हॅरी स्नायडरने इन-एन-आउट काढलं आणि दोन्हीकडून बोलता येईल असा स्पीकर बसवला, त्यामुळे गाडीपाशी येणारा माणूसच लागेनासा झाला.

आता स्पेलिंग. टी एच आर यू ही पाटीवाल्याची चूक नाही बाबा. इंग्रजी स्पेलिंग सोपं करायची इथे मोठी चळवळ होती, 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी सरकारी छापखान्याला 300 शब्द सोप्या स्पेलिंगने छापायला सांगितले होते, त्यात हे थ्रू पण होतं. संसदेने ते चालू दिलं नाही. शिकागो ट्रिब्यून पेपरने मात्र 1934 पासून असली स्पेलिंगं छापली आणि शेवटी 1975 मध्ये सोडून दिली. म्हणजे पेपरातून गेलं पण पाटीवर टिकलं. पाटीला अक्षरं कमी लागतात आणि चालत्या गाडीतून पटकन वाचता येतं, मला तरी हे कारण पटतं. तुम्ही अर्जात मात्र ओ यू जी एच लिहा.

आणि त्याच 1975 मधली गोष्ट मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलीय. मॅकडोनल्ड्सची पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी त्या वर्षी जानेवारीत ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावात उघडली. कारण काय, तर शेजारी फोर्ट वाचुका ही लष्करी छावणी, आणि कामाच्या वर्दीत असताना छावणीबाहेर गाडीतून उतरायची सैनिकांना बंदी. आत येता येत नाही तर खिडकी काढा.

माझं बरोब्बर उलटं झालं होतं. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात, तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती, एका रात्री उशिरा कामावरून येताना भूक लागली, एका ठिकाणी आतलं दार बंद पण ड्राइव्ह-थ्रू चालू, म्हणून मी चालतच लेनमधून खिडकीपाशी गेले. आतल्या मुलीने काच थोडी सरकवली, सॉरी म्हणाली, गाडीशिवाय देता येत नाही. तिच्या हातात काही नव्हतं, गाड्यांच्या रांगेत माणूस उभा राहिला तर धडक बसेल म्हणून तसा नियमच असतो. पण माझ्या मागे हेडलाइट लावून गाडी उभी होती आणि मी पर्स छातीशी धरून बाजूला झाले, ते अजून आठवतं. त्या शब्दातलं ड्राइव्ह किती खरं आहे ते मला तेव्हा कळलं. मिनियापोलिस शहराने 2019 मध्ये नवीन ड्राइव्ह-थ्रूंना बंदी केली, चालणाऱ्यांचा धोका आणि उभ्या गाड्यांचा धूर बघून, आणि मला वाटतं त्यांनी बरोबर केलं.

तरीपण परवा रात्री पाऊस, छोटीला एकशे दोन ताप, मागच्या सीटवर कशीबशी डोळा लागलेला. फार्मसीच्या खिडकीतून बाईंनी नाव आणि जन्मतारीख विचारली, भिंतीतला ड्रॉवर सरकत बाहेर आला, त्यात बाटली आणि मापाची छोटी सिरिंज. मी हात लांब करून घेतली, काच वर केली, ती उठलीसुद्धा नाही. त्या रात्री मी त्या खिडकीला मनापासून हात जोडले.

आई, ताप उतरलाय, काल वरणभात खाल्ला. बाबा, तुम्ही याल तेव्हा आपण बँकेत जाऊ, तिथे चेक एका डबीत घालायचा आणि बटण दाबलं की हवेच्या जोरावर डबी पाइपातून सुर्रकन आत जाते, पावती घालून परत येते. तुम्ही पुढच्या सीटवर बसा, बटण तुमच्या बाजूला नसेल पण मी गाडी थांबवून तुम्हाला नीट दाखवीन.

तुमची,
मनू