एप्रिलच्या आधीची कामे

स्टुटगार्ट, जर्मनी
मार्चचा दुसरा आठवडा

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे सुखरूप आहे. जेवणखाण, खोली आणि थंडी यांविषयी फोनवर बोलणे होतेच. मात्र मागच्या वेळी बाबांनी जे विचारले, त्याचे नीट उत्तर फोनवर देता आले नाही. पदविका घेऊन एवढ्या दूर जाऊन लोकांच्या जुन्या गाड्यांचे ब्रेक ऑइलच बदलायचे होते का, आणि उद्या एखाद्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर ठपका कोणावर येईल, असे ते म्हणाले. ज्या गाडीवर सध्या काम चालू आहे, तिच्याविषयी लिहिले म्हणजे दोन्हींचे उत्तर होईल.

ही गाडी पोर्शे ९४४ आहे. १९८२ ते १९९१ या काळात हे मॉडेल येथून जवळच्याच नेकार्सुल्म गावच्या कारखान्यात तयार होत असे. मालकाने पत्र्यावर ओरखडा पडू दिलेला नाही, पण तेलांकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नव्हते. क्लच दाबला की पेडल खालीच राही, ब्रेक सोडल्यावरही पुढचे एक चाक धरून राही आणि स्टिअरिंग वळवताना पंप कण्हत असे. या गाडीत ब्रेक आणि क्लच एकाच डब्यातले तेल घेतात, त्यामुळे ते नासले की दोन्ही बिघडतात.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, गाडी उभी असली तरीही. डॉट ४ या प्रतीचे नवे ब्रेक ऑइल २३० अंशांच्या आत उकळू नये असा नियम आहे, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की हीच हमी १५५ अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापले की अशा तेलाची वाफ होते आणि वाफ दबत असल्यामुळे पेडल तळाला जाते. पाय दाबणाऱ्या माणसाचा जोर चाकापर्यंत नेणारे त्या लिटरभर तेलावाचून दुसरे काहीही नसते. म्हणून हे काम मला कमी प्रतीचे वाटत नाही, बाबा.

आपल्या फाट्यावरच्या गॅरेजात एकजण पेडल मारतो आणि दुसरा निपल, म्हणजे चाकाजवळचा तेल-हवा सोडायचा छोटा स्क्रू, उघडून हवा काढतो. इतक्या जुन्या गाडीला मी तसे करत नाही, कारण एरवी पेडल जेथवर कधी जात नाही तेथे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने तेल पुढे ढकलणारे नळकांडे, आतून गंजलेला असतो आणि पेडल तळापर्यंत दाबले की रबरी सील त्या गंजावर घासून फाटते. मी डब्यावर हवेचा हलका दाब देऊन तेल ढकलतो. मागच्या चाकाचा निपल तर जागचा हलत नव्हता. रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरवले, सकाळी थोडी आच दिली, हातोडीने हळूच ठोकले, तेव्हा पान्याखाली बारीक कर्र आवाज झाला आणि काळपट तेल ठिबकू लागले. त्यात रबराचे कण होते. पारदर्शक नळीतून स्वच्छ, फिकट पिवळे तेल येईपर्यंत मी तेथून उठलो नाही. धरून राहणाऱ्या चाकाचा होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, आतून फुगला होता. दाब जाई, पण परत येत नसे. तो बदलला. स्टिअरिंगचे तेल सिरिंजने उपसून नवे भरले, पुढची चाके उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि पंपाचे कण्हणे थांबले.

येथील एक रीत सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आपण गाडी घेतानाच एकदाचा कर भरून मोकळे होतो. येथे हौसेच्या गाडीची नोंदणी वर्षातल्या ठराविक महिन्यांपुरतीच करता येते. नंबर प्लेटच्या उजव्या कडेला ०४ आणि त्याखाली १० असे आकडे असतात, म्हणजे ती एप्रिल ते ऑक्टोबरच धावणार. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या दिवसांत ती सरकारी रस्त्यावर चालवता तर येत नाहीच, उभीही करता येत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा सडतो, म्हणून लोक गाडी बंद ठेवतात आणि मार्च उजाडला की सगळे एकदम गॅरेजात येतात.

हाताची काळजी करू नये. मी हातमोजे आणि चष्मा घालतो आणि जुने तेल वेगळ्या पिंपात जमा होते. काम झाल्यावर दुसरा माणूस तपासून सही करतो, त्यामुळे ठपक्याची भीतीही नको.

आता धाकटीच्या सोयरिकीचे. मुलाकडच्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साक्षगंध करायचे म्हटले, हे दादाने कळवले. स्थळ चांगले आहे, माझ्यासाठी तारीख पुढे ढकलू नये. सुटी मागितली होती, पण या महिन्यात कोणालाच मिळत नाही. आईने यावर रडू नये, लग्नाला मी चार दिवस आधी येईन. माझ्या लग्नाचा विषय तिचे झाल्यावरच काढावा. पीककर्ज मार्चअखेरच्या आत भरता यावे म्हणून १,५०,००० रुपये पाठवले आहेत. तूर विकायची घाई करू नका. आंदणाचे पैसे मेमध्ये पाठवीन. साक्षगंधाला घरच्या जीपनेच जाणार असाल तर त्याआधी तिचे ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या, डब्याच्या झाकणावर लिहिलेलेच घ्या आणि बाटली समोर फोडायला सांगा, कारण अर्धवट उघडी बाटली ओलावा धरते. त्याचा खर्च माझ्या पैशांतून करावा आणि काम झाले की दादाने फोन करावा.

तुमचा आज्ञाधारक मुलगा